झुहरा, पाणी गारच घेतलं

झुहरा, गुस्ल देणारी बाई म्हणाली, पाणी कोमट असू दे. मय्यताला न्हाऊ घालताना पाणी कोमट घेतात हे मलाही ठाऊक आहे. मुरूडला सासूबाईंना मीच शेवटची आंघोळ घातली होती. पण तिनं बादलीवर गरम पाण्याचा नळ सोडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गार घ्या. तिला गरम सोसत नाही."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी हिंदीत बोलले होते, पण तिला कळलं असावं. काही न विचारता तिनं नळ बंद केला आणि दुसरा उघडला. मग आम्ही दोघींनी तुला गार पाण्यानं धुतलं, आधी उजवी बाजू, मग डावी. अंगावरच्या कापडाखालून हात फिरवत डाव्या छातीशी आले आणि थांबले. गेले कित्येक महिने तू तिथेच तळहात दाबून जिना चढायचीस. आता तिथे काहीच हलत नव्हतं. आणि नेमकी त्याच वेळी माझी छाती धडधडायला लागली. इतकी, की म्हातारीनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि मला भिंतीशी बसवलं. कापराचं पाणी तुझ्यावर तिनंच घातलं.

दफनाला इथं बायका जात नाहीत. पुरुष तुला घेऊन गेले, मी शाळेच्या गाडीत काच वर करून बसून राहिले. धडधड चालूच होती. अजून आहे. हे लिहितानाही आहे.

शाळेच्या अंकात तुझ्यावर इंग्रजीत काहीतरी येईल. मनमिळाऊ, शिस्तप्रिय, विद्यार्थ्यांची लाडकी. ते खरंच आहे, पण मला ते लिहायचं नाही. आपण दोघी इतकी वर्षं इंग्रजीतून बोललो, इंग्रजीतून भांडलो, आणि हे मी मराठीत लिहिते आहे. तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. इलाज नाही. भीती मला आईच्या भाषेतच वाटते.

दोह्यात, अल मुंतझातल्या त्या जुन्या इमारतीत शाळेनं आपल्याला फ्लॅट दिला तेव्हा आपण तिघी होतो. तू मोंबासाची, इंग्रजी शिकवणारी. मी मुरूडची, गणिताची, विधवा, दोन मुलं आईकडे ठेवून आलेली. आणि सुवर्णा, पुण्याची, केजीची. तूही विधवाच, मूलबाळ नाही, मागे एक भाऊ. त्याचा फोन आला की तू "काका, काका" करत बोलायचीस आणि मला वाटायचं, काय हा काकांचा जीव पुतणीवर! बऱ्याच दिवसांनी कळलं की तुमच्या स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. त्या दिवशी आपण इतक्या हसलो की सुवर्णा आतून विचारायला आली, काय झालं म्हणून.

पहिल्या सुटीहून येताना तू बॅगेतून एक लाकडी पाट आणलास, पुढे लोखंडी दात बसवलेला. मी म्हटलं, अगं, ही तर आमची खवणी. तू म्हणालीस, आम्ही हिला बकरी म्हणतो. तेव्हापासून आपल्या घरात नारळ खवायचा म्हणजे "बकरीवर बसायचं". तुझी माशाची आमटी आणि माझी माशाची आमटी यांत चिंचेपुरता फरक होता. मी तुला जंजिऱ्याच्या सिद्दींची गोष्ट सांगितली, आफ्रिकेतून आलेली माणसं आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या नवाब होती ती. तू खुर्चीत मागे रेलून म्हणालीस, "म्हणजे माझे लोक तुमचे राजे होते. मग उठ, चहा कर."

गेलं शतक संपत आलं होतं, तेव्हा ते सुरू झालं.

आधी मला चादरी दिसल्या. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जावं, तर दोरीवर तुझी चादर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग उशीची खोळ, मग मॅक्सी. दोह्यात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की थंड नळाला कढत पाणी येतं. गिझर बंद ठेवला तर त्यात साठलेलं पाणीच काय ते गार. तू आम्हाला कुणाला न विचारता गिझर बंद करायला लागलीस आणि पहाटेच ते पाणी संपवायला लागलीस. एकदा स्वयंपाकघरात आले तर तू फ्रिजचं दार उघडून त्यात तोंड घालून उभी होतीस. मला बघून म्हणालीस, "दूध शोधत होते." दूध तुझ्या हातात होतं.

शाळेतही दिसत होतं. फळ्यावर लिहिता लिहिता तुझ्या ब्लाउजची पाठ भिजायची. ज्या मुलांना तू वर्षभर शिकवलंस त्यांची नावं तुला आठवेनाशी झाली. स्टाफरूममध्ये तू वहीनं वारा घेत बसलीस की कुणीतरी हमखास बोलायचंच, "मिस झुहरा, तुम्ही आफ्रिकेच्या, तुम्हाला कसली गरमी?" तू हसायचीस. मीही हसायचे. मग तुझं वजन उतरायला लागलं आणि हसण्यासारखं काही राहिलं नाही.

सुवर्णानं मला एकटीला गाठलं. तू दुकानात गेली होतीस.

"शमीमताई, तुम्ही बघताय ना? रोज चादर. रोज."

"गरमी आहे गं."

"एसी इतका असतो की मी स्वेटर घालून झोपते. आणि तिचं अंग बघा कसं वाळलंय. त्यांच्याकडे तो रोग किती पसरलाय, पेपरात वाचत नाही का तुम्ही?"

"काहीही बोलू नकोस."

"माझं एवढंसं पोर आहे पुण्यात. आपल्याला बाथरूम एकच आहे."

"बाथरूमनं होत नाही तो."

"मग टीबी? टीबी तर हवेतून होतो ना?"

सुवर्णा वाईट बाई नव्हती, झुहरा. ती घाबरली होती. आणि खोटं कशाला बोलू, मीही. शाळेत हे बोलणं पसरलं तर तुला परतीच्या विमानात बसवतील, आणि तुझ्यासोबत राहणाऱ्या मलाही. मग मुलांच्या फिया कोण भरणार, हे सगळं क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी गच्चीवर आले. तू चादर पिळत होतीस. मी सरळ विचारलं, "तुला काय होतंय?"

तू चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंस आणि आपण दोघींनी ती पिळली. मग तू तुझ्या नवऱ्याबद्दल सांगितलंस. तो ट्रक चालवायचा, मोंबासाहून पार युगांडापर्यंत. शेवटच्या वर्षात तो वाळत गेला. रात्री घाम, दिवसा ताप. तो गेला तेव्हा कुणी रोगाचं नाव उच्चारलं नाही, सगळे मलेरिया म्हणाले.

"इथे आल्यावर तुझं रक्त तपासलं होतं ना? सगळ्यांचं तपासतात."

"तपासलं होतं. चांगलं निघालं. पण ते वर्षानुवर्षं अंगात लपून बसतं म्हणतात, शमीम. आता बाहेर आलंय." तुझा आवाज अगदी शांत होता. "मासिक पाळीही धड येत नाही. शरीर एकेक दुकान बंद करतंय."

तुझ्या तोंडचं ते दुकान मला अजून ऐकू येतं. तुमच्या भाषेतही दुकानाला जवळजवळ तोच शब्द आहे, दुका. तू ज्याला मरण म्हणत होतीस ते काय आहे, हे आपल्या दोघींपैकी एकीलाही कळलं नाही. दोघी शिकलेल्या, दोघी शिक्षिका, दोघी चाळिशी ओलांडलेल्या. आमच्याकडे बायका "तिचं बंद झालं" एवढंच म्हणायच्या, तेही हळू आवाजात. बंद होण्याआधी काय काय होतं, ते माझ्या आईनं मला कधी सांगितलं नाही, तुझ्या आईनं तुला नाही.

सुवर्णानं ऑफिसात सांगितलं होतं. अॅडमिनच्या साहेबांनी आपल्या तिघींना बोलावलं आणि फार गोड शब्दांत म्हणाले की फ्लॅटमधल्या सर्वांच्याच तपासण्या करून घेऊ, कुणाबद्दल काही नाही. तुझ्याबद्दलच होतं ते. आपल्याला एका क्लिनिकमध्ये नेलं. माझं रक्त काढलं, सुवर्णाचं काढलं. तुझा नंबर आला तेव्हा नर्सनं तुझा पासपोर्ट उघडून बघितला आणि हातमोज्यांवर आणखी एक जोड चढवला. तू तिच्या हातांकडे बघत होतीस. तुझी शीर पटकन सापडली नाही तरी तिनं बोटानं चाचपून बघितलं नाही, सुई लांबूनच टोचत राहिली. मग पडद्यामागे कपडे काढायला लावून तुला फार वेळ बसवून ठेवलं. का, ते कुणी सांगितलं नाही.

निकाल येईपर्यंतचे दिवस आपण कसे काढले! तू रोज शाळेत गेलीस. घरी आल्यावर बॅग भरायचीस, काढायचीस, पुन्हा भरायचीस. निकाल वाईट आला तर परस्पर विमानतळावर नेतात, घरी येऊ देत नाहीत, असं कुणीतरी तुझ्या कानावर घातलं होतं. तू बकरी माझ्या खाटेखाली सरकवून ठेवलीस. "असं हाकलताना एवढी लाकडाची वस्तू कोण घेऊ देणार," म्हणालीस. मी नमाजाला बसले की दुआ मागतानासुद्धा मला त्या रोगाचं नाव घ्यायची भीती वाटायची. वाटायचं, नाव घेतलं तर ते खरं होईल. इतकी भीती मला नवरा आजारी असतानाही वाटली नव्हती, कारण तेव्हा माणसं दाराशी येऊन विचारपूस करत होती. तुझ्या बाबतीत माणसं दारातून मागे सरत होती.

निकाल चांगला आला. सगळाच. रक्त स्वच्छ, छाती स्वच्छ. साहेब म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स, मिस झुहरा." जणू तू परीक्षेत पास झाली होतीस. माफी कुणी मागितली नाही. सुवर्णा त्याच सत्रात दुसऱ्या फ्लॅटमध्ये गेली, जाताना तुझ्याकडे न बघता "बाय" म्हणाली. तू एवढंच बोललीस, "तिचं पोर लहान आहे."

पण घाम थांबला नाही. मग भीती आणखी वाढली, कारण आता तिला नावही नव्हतं. शाळेच्या डॉक्टरांनी तुला व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "तुमच्याकडच्या बायका दणकट असतात, उगाच मनावर घेऊ नका." तू मला विचारलंस, "दणकट बाईला वेड लागलं तर कुणाला कळतं का गं?" तुला खरंच वाटत होतं की तुझं डोकं फिरत चाललंय. मुलांची नावं विसरायचीस, मधेच रडू यायचं, मधेच मुलांवर ओरडायचीस आणि मग स्वतःच घाबरून गप्प बसायचीस.

वाट दाखवली ती शाळेतल्या अरबीच्या बाईंनी, सुदानच्या हलीमाबाईंनी. त्या तुला बाजूला घेऊन म्हणाल्या, उम्म सलाल मोहम्मद या गावाला आमच्याकडची एक डॉक्टर आहे, अमना नावाची, तिच्याकडे जा. आपण टॅक्सीनं गेलो. शहर संपून शेतं आणि भिंती लागल्या तशी तू माझा हात धरलास. "हिनंही पासपोर्ट मागितला तर मी उठून येईन," म्हणालीस.

डॉक्टर अमनानं पासपोर्ट मागितला नाही. तुझ्यासारखीच काळी, पांढऱ्या कोटाखाली फुलाफुलांचा सुदानी तोब गुंडाळलेली. तिनं तुझं मनगट आपल्या हातात घेतलं, उघड्या हातात, आणि नाडी बघून झाल्यावरही सोडलं नाही. विचारलं, "आईची पाळी कधी गेली?"

तू म्हणालीस, "आमच्यात असं विचारत नाहीत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमच्यातही नाही."

"कुणातच नाही," ती म्हणाली. मग तिनं सगळं समजावून सांगितलं, शाळेत आपण मुलांना सांगतो तसं, सावकाश. घाम का येतो, झोप का जाते, शब्द का विसरतात, छाती मधेच का धावते. अरबीत याला 'सिन्न अल यास' म्हणतात, निराशेचं वय, आणि आपल्याला हे नाव मुळीच आवडत नाही, असंही म्हणाली. तू विचारलंस, "पण मला इतक्या लवकर? आणि इतकं?" ती म्हणाली, "माझ्याकडे येणाऱ्या आपल्या काळ्या बायकांत मी हेच बघते. लवकर येतं, जोरात येतं, आणि लवकर जात नाही. मी शिकले त्या पुस्तकांत हे नव्हतं. त्या पुस्तकांतल्या बायका वेगळ्या होत्या."

तू रडायला लागलीस. मला वाटलं सुटल्यासारखं वाटून रडतेस. टॅक्सीत तू म्हणालीस, "तिनं मला हात लावला, शमीम."

त्यानंतरच्या वर्षांबद्दल मी तुझे उपकार मानते. तू आपल्या बैठकीच्या खोलीत शुक्रवारी दुपारी बायका जमवायला लागलीस. हलीमाबाई, इस्पितळात काम करणारी एक इरिट्रियाची नर्स, तुझ्या मोंबासाकडची एक वेण्या घालून देणारी, आणि कुणी कुणी त्यांच्या ओळखीच्या. त्या सगळ्यांत भारतीय मी एकटी. खिडकीतला एसी पूर्ण सोडलेला असायचा आणि त्याच्या पुढ्यात कोण बसणार यावरून भांडणं व्हायची. कुणाला वाटत होतं, आपल्याला जिन्न लागलाय. एक बाई महिनोन् महिने स्वयंपाकघरातल्या लादीवर झोपत होती, नवऱ्याला कळलं तर दुसरी करील म्हणून. इरिट्रियाची नर्स म्हणाली, मी रोज डॉक्टरांच्या शेजारी उभी राहते, पण स्वतःचं त्यांना विचारायची हिंमत होत नाही. ते म्हणतील, तुमच्यात असंच असतं. तू प्रत्येकीला एकच सांगायचीस, "आधी तपासून घे. मग घाबर." किती जणींना तू स्वतः टॅक्सीत घालून उम्म सलालला नेलंस!

पुढे माझं सुरू झालं तेव्हा मला एक दिवसही वाटलं नाही की मी मरते आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा तशी आग चढली, पेपर हातातून गळले, आणि तू येऊन ते उचललेस, माझ्या कानाशी म्हणालीस, "ये, माझ्या राज्यात ये." नवाबाच्या थाटात म्हणालीस. मला घामात हसू फुटलं.

मग ती भीती पुन्हा आली, दुसऱ्या दारानं.

एशियन गेम्सच्या तयारीत सगळं दोहा खोदून ठेवलं होतं तेव्हापासून तू दमायला लागलीस. आधी धुळीवर ढकललंस. जिन्यावर थांबायला लागलीस, छातीवर तळहात. जबडा दुखतो म्हणालीस, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलीस, दात ठीक होते. डॉक्टर अमना तोवर देश सोडून मुलाकडे गेली होती. मी तुला सी रिंग रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये नेलं. तरुण डॉक्टर होता. त्यानं वय विचारलं, पाळी विचारली, आणि तुझ्या छातीला नळीसुद्धा न लावता म्हणाला, "वयाचं आहे, मॅडम. मेनोपॉज, थोडी अँग्झायटी."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "याला काही कळत नाही. दुसरीकडे जाऊ."

तू म्हणालीस, "बरोबर तेच सांगतोय तो. अमनानं सांगितलं होतं ना, छाती धावते."

"ते जुनं झालं. हे वेगळं आहे. तेव्हा तुझा जबडा दुखत नव्हता."

त्यानंतर आपलं भांडण कधी संपलंच नाही. स्वयंपाकघरात, बसमध्ये, वर्गाबाहेर. मी एका हृदयाच्या डॉक्टरची वेळ घेतली, तू गेली नाहीस. मी तुझ्याशी बोलणं सोडलं, तर तू माझ्या पुढ्यात चहा ठेवून गेलीस. शेवटी एकदा मी ओरडलेच, "साऱ्या दोह्याच्या बायकांना तपासून घ्या म्हणून सांगतेस, आणि तू?"

तू हातातली सुरी खाली ठेवलीस. म्हणालीस, "मला आजार नाही हे सिद्ध करायला त्यांनी मला एकदा उघडं केलं, शमीम. आता आजार आहे हे सिद्ध करायला मी पुन्हा त्या पडद्यामागे बसणार नाही. वय म्हणाले, तर वय. निदान या वेळी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

तेव्हा काय बोलायला हवं होतं ते मी अजून शोधते आहे. मी तुझ्यासोबत पडद्यामागे येते, असं म्हणायला हवं होतं का? आले असते गं. तू विचारलं असतंस तरी आले असते.

तुला मरण आलं ते स्टाफरूममध्ये, पेपर तपासताना. हलीमाबाईंना वाटलं, डोकं टेकून पडलीस. मी वरच्या मजल्यावर अपूर्णांक शिकवत होते. मला बोलावणं आलं आणि मी खाली पोचले तोवर अँब्युलन्सची माणसं तुला उचलत होती. इस्पितळात एका डॉक्टरांनी मला विचारलं, यांचं हृदय बरेच महिने तक्रार करत असणार, कुणी साधा ईसीजीही काढला नाही का? त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच आश्चर्य वाटत होतं. मी नाही म्हटलं.

तुझ्या भावाला फोन मीच केला. त्याचं नाव मला माहीत होतं, पण तोंडातून "काका" निघालं. पलीकडे तो एकदम रडायला लागला. मी काही सांगायच्या आधीच त्याला कळलं.

आता मी एकटी या घरात आहे आणि मला भीती वाटते, झुहरा. मेल्यावर काय होईल त्याची नाही. माझ्या छातीत होतंय ते कोणतं, तुझं पहिलं की तुझं दुसरं, याची. अमनानं सांगितलेलं की त्या तरुण डॉक्टरनं न ऐकलेलं? जिना चढते आणि मधेच थांबून ऐकत राहते. नमाजात सजद्यातून उठताना ऐकते. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की ऐकते. मुलीला फोन केला, मुरूडला. म्हटलं, मला घाबरल्यासारखं होतं. ती म्हणाली, "अम्मी, तुझं वयच तसं आहे. नेटवर वाच." माझ्या मुलीला माहीत आहे, हे किती चांगलं, असं वाटलं आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. तेच वाक्य.

आज गेले शेवटी. दुसरं क्लिनिक, आपल्याकडचाच डॉक्टर, पोक्त, हिंदी बोलणारा. माझं सगळं ऐकून घेतलं, हसून मान हलवली. म्हणाला, "मॅडम, इस उमर में होता है. अभी किसी अपने का इंतकाल हुआ है, उसका भी टेन्शन है. नींद की हल्की गोली देता हूँ."

तो लिहायला लागला. मी उठले नाही. त्यानं कागदावरून नजर न काढता, सवयीनं विचारतात तसं, विचारलं, "फॅमिली में किसी को हार्ट का? माँ, बाप, भाई, बहन?"

अब्बा तापानं गेले. आई अजून मुरूडला विहिरीचं पाणी भरते. भाऊ धट्टाकट्टा आहे. नाही म्हणायचं आणि गोळी घेऊन घरी यायचं, एवढंच उरलं होतं.

"बहन," मी म्हटलं. "हार्ट से गई. अभी, पिछले महीने."

त्याचं पेन थांबलं. पहिल्यांदाच त्यानं वर बघितलं.

"सगी बहन?"

"हाँ."

त्यानं गोळीचा कागद बाजूला सारला आणि ईसीजीच्या खोलीला फोन लावला.